डाव्या सीटवरची विनिता

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या एका गल्लीत सहदेवशेठची ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, एक टेबल आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता. विनिता राऊळ तिथे लागली ती फोन घ्यायला आणि पावत्या फाडायला. लग्न होऊन कणकवलीकडून इकडे आलेली, नवरा सुदेश ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला, मुलगी बालवाडीत. फोनवर बायका विचारायच्या, "लेडीज टीचर आहे का हो?" विनिता "नाही" म्हणायची आणि पलीकडून फोन ठेवला जायचा. असे बरेच फोन ठेवले गेले, तेव्हा एक दिवस सहदेवशेठच म्हणाले, "विनिता, तूच शिक ना. मी शिकवतो."

ती शिकली. लायसन्स काढलं, पुढे शिकवण्याची परवानगीही मिळवली. आणि मग डाव्या सीटवर जी बसली, ती वीसेक वर्षं तिथेच बसून आहे.

शिकाऊ गाडीत डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने आपल्या बाजूने दाबायचा. विनिताचा पाय या बाबतीत फार तयार होता. रिक्षा आडवी येणार हे रिक्षावाल्याच्या आधी तिला कळायचं. शिकणारीचे डोळे आरशावरून जरा हलले, की विनिताचा पाय ब्रेकवर गेलेला असायचा. तोंड तर सतत चालू. "हाफ क्लच. सोड, सोड, हळू. इंडिकेटर कोण देणार? ब्रेक. ब्रेक, ब्रेक!" तिच्या गाडीला इतक्या वर्षांत कुठे साधा ओरखडाही आला नव्हता. सहदेवशेठ नवीन बायकांना हे आवर्जून सांगायचे आणि विनिता शेजारी उभी राहून ऐकायची. तिला ते आवडायचं.

पण एक गोष्ट होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका टेस्ट पास व्हायच्या, पेढे घेऊन यायच्या आणि पुढे गाडी चालवायच्या नाहीत. सगळ्याच नाही, पण बऱ्याच. लायसन्स कपाटात जायचं. रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "मॅडम, तुम्ही बाजूला असलात ना की काही वाटत नाही हो. एकटीने नाही जमत." मीही त्यातलीच एक. विनिता आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, म्हणून तर मी तिच्याकडे शिकायला गेले होते. आम्ही असं म्हटलं की ती हसायची. मनातून खूशच व्हायची, हे तिने मला नंतर सांगितलं. आपल्यावाचून कुणाचं अडतं, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

चित्रा पेंडसे तिच्याकडे तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मात्र विनिताही जरा चकित झाली. चित्राताई टिळकनगरात राहणाऱ्या, बँकेतून चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं आणि स्वच्छ. पन्नाशीत एकदा शिकल्या होत्या, साठीला पुन्हा उजळणी केली होती. आता त्यांचे यजमान त्र्यंबकराव यांना काचबिंदू झाला होता. कडेचं दिसेनासं झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून सोडलं. गाडी खाली कव्हर घालून उभी होती आणि ते रोज संध्याकाळी जाऊन कव्हरवरची धूळ झटकून यायचे.

"मला ते बघवत नाही," चित्राताई म्हणाल्या. "विनिता, या वेळी मला खरंच चालवता आली पाहिजे."

विनिताने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चित्राताई सरळ रेषेत चालवायच्या, वळणं नीट घ्यायच्या. पण प्रत्येक गिअरआधी डावीकडे बघायच्या. रस्त्याकडे नाही, विनिताकडे.

त्यांची मुलगी क्षिप्रा ठाण्याला राहते. तिच्याकडे चारही चाकांना ताकद जाणारी जीप आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती रस्ता नसलेल्या जागी चालवायचा तिला नाद आहे. खडवलीच्या पुढे, भातसा नदीच्या अलीकडच्या गावांत सर्वेश नावाचा एक तरुण नवशिक्यांसाठी अशी वाट चालवतो. भात कापून झालं की रिकामी खाचरं, मधली जुनी गाडीवाट, थोडा माळ आणि शेवटी एक ओहोळ. गाववाल्यांना विचारून आखलेली, सोपी वाट. क्षिप्राने आईला तिथे न्यायचं ठरवलं.

"अगं आई, तिथे ट्रॅफिक नाही, हॉर्न नाही, मागून कोणी ओरडणारं नाही. माणूस चालतो त्या वेगाने चालवायचं. तुझी भीती तिथेच जाईल बघ."

"विनिता येणार असेल तर येते," चित्राताई म्हणाल्या.

म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी विनिता निघाली. घरातून निघताना सुदेश म्हणाला, "इतकी वर्षं लोकांना खड्डे चुकवायला शिकवलंस. आता मुद्दाम खड्ड्यात जायला चाललीस होय?"

टिटवाळा सोडून खडवलीच्या दिशेला लागल्यावर दोन्ही बाजूंना कापलेली शेतं दिसू लागली. खाचरांत भाताचे खुंट, कडेला पेंढ्याच्या उडव्या. डांबरी रस्ता संपला तिथे सर्वेश उभा होता. आणखी दोन गाड्या आल्या होत्या, त्यांनी आधी जायचं होतं. सर्वेशने सगळ्यांच्या टायरमधली थोडी हवा काढली. विनिताला ते पटलं नाही. ती आयुष्यभर 'हवा भरून घ्या' असंच सांगत आली होती.

"मऊ टायर जमीन धरून बसतो, ताई," सर्वेश म्हणाला. मग सगळ्यांना जवळ बोलावून त्याने एवढंच सांगितलं, "आज कुणालाही कुठे लवकर पोचायचं नाहीये. आणि एक लक्षात ठेवा. पुढे ओहोळाकडे उतार आहे. तिथे गाडी फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद पण वेग अगदी कमी, पहिल्या गिअरला टाकायची आणि दोन्ही पाय काढून घ्यायचे. क्लच नाही, ब्रेक नाही. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. घाबरून ब्रेक दाबलात तर चाकं थांबतील, गाडी नाही थांबणार. ओल्या मातीवरून सरळ घसरेल."

चित्राताईंनी बँकेतल्या मीटिंगमध्ये ऐकावं तसं ऐकून घेतलं. विनितानेही ऐकलं. ऐकणं आणि पायाला कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं? पण तेव्हा तिच्या ते डोक्यात आलं नाही.

चित्राताई चालवायला बसल्या, विनिता डावीकडे, क्षिप्रा मागे. विनिताने सवयीने पाय पुढे सरकवले. खाली नुसतं रबरी मॅट होतं.

सुरुवातीची वाट खरंच सोपी होती. जीप खाचरात उतरायची, डुलायची, बांधावरून नाक वर करून पुन्हा खाली यायची. चित्राताई पहिल्या दोन बांधांना घाबरल्या, तिसऱ्याला त्यांना हसू आलं. "ही तर घोड्यासारखी चालते गं," त्या म्हणाल्या. माळावर आल्यावर तर त्या विनिताकडे बघायच्या विसरल्या. एका बाजूला करवंदीच्या जाळ्या, दुसऱ्या बाजूला सागाची मोठमोठी वाळकी पानं. वाट कुठे होती, कुठे नव्हती. आपली आपण शोधायची. विनिताचं तोंड मात्र चालूच होतं. "डावीकडे दगड. हळू. क्लच. उजवीकडे घ्या, उजवीकडे." आणि उजवा पाय मॅटवर दाबला जात होता, पुन्हा पुन्हा.

"मॅडम, आई बरोबर चालवतेय," मागून क्षिप्रा म्हणाली.

"हो गं. मी काय म्हणतेय?" विनिता म्हणाली आणि पुढच्याच दगडाला पुन्हा बोलली.

ओहोळापाशी आले. काठ फार उंच नव्हता, पण वरून बघताना जीपचं बॉनेटच दिसायचं, खालची वाट दिसायची नाही. पुढच्या दोन्ही गाड्या पलीकडे गेल्या होत्या. सर्वेश खाली पाण्याच्या कडेला उभा राहून हाताने बोलावत होता. चित्राताईंनी फोर-लो टाकला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि पाय मागे घेतले. जीप काठावरून वाकली. खालचं पाणी एकदम समोर आलं.

"ब्रेक!" विनिता ओरडली.

चित्राताईंनी ब्रेक दाबला. तीनदा शिकून त्यांना एक गोष्ट पक्की आली होती, विनिताने ब्रेक म्हटलं की दाबायचा. क्लचही दाबला. इंजिनने धरलेली जीप सुटली, चाकं थांबली आणि गाडी ओल्या मातीवरून तिरकी घसरत गेली. सर्वेश बाजूला झाला. पुढचं डावं चाक पाण्याने खाल्लेल्या एका घळीत धप्पकन गेलं आणि जीप विनिताच्या बाजूला कलून थांबली. खिडकीतून करवंदीची फांदी आत आली आणि तिच्या गालावर काटा ओढला गेला.

 मग सर्वेश खिडकीशी आला. "लागलं का कुणाला? नाही ना? मग काही झालेलं नाही. अशीच बसते ती, निघते पण. सावकाश उतरा." तिघींना त्याने वरच्या बाजूने उतरवून घेतलं. मग जीपभोवती एक फेरी मारली आणि सहज विचारलं, "काकू, मस्त येत होतात की. ब्रेक कशाला दाबलात?"

"माझंच चुकलं," चित्राताई म्हणाल्या. "घाबरले मी."

ते वाक्य विनिताच्या ओळखीचं होतं. सॉरी मॅडम, माझंच चुकलं. रोज कुणी ना कुणी तिला ते म्हणायचं आणि ती 'असू दे, होतं असं' म्हणून पुढे जायची. आज पहिल्यांदा ते वाक्य खोटं आहे हे तिला कळत होतं आणि बोलणाऱ्या बाईलाही कळत होतं. चित्राताईंनी तिला सांभाळून घेतलं होतं. चारचौघांत, इतक्या सहजपणे की कुणाला कळूही नये. विनिताला काटा लागला होता त्यापेक्षा ते जास्त लागलं.

"त्यांचं नाही चुकलं," ती म्हणाली. "मी ओरडले. त्यांनी पाय काढलेले होते. मीच ओरडले ब्रेक म्हणून."

सर्वेशने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही शिकवता ना?"

"हो."

"मग बरोबर. आमच्याकडे येणाऱ्यांत शिकवणाऱ्यांनाच जास्त वेळ लागतो." तो हसला, पण त्यात टोमणा नव्हता. पलीकडच्या गाडीला पट्टा बांधून त्याने जीप ओढून काढली, मागे घेतली आणि पुन्हा काठावर आणून उभी केली. "आता तुम्ही चालवा," तो विनिताला म्हणाला.

विनिता उजव्या सीटवर बसली. तिने मला सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते. "तुला हसू येईल, पण मला आठवेना मी शेवटची कधी उजवीकडे बसलेले. स्कूलची गाडी शेठ स्वतः घेऊन येतात, जातात. आमच्याकडे स्वतःची गाडी नाही. टेस्ट घेतात तेव्हा मी मागे. म्हणजे मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडीत, पण गाडी कधी चालवतच नाही. हे मला तिथे, त्या काठावर कळलं. आणि मला अशी भीती वाटली म्हणून सांगू!"

चित्राताई तिच्या डाव्या बाजूला बसल्या, क्षिप्रा मागे. "मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या.

विनिताने काठावर जीप थांबवली. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा थांबवली. खाली सर्वेश हात हलवत होता, घाई न करता. चित्राताई गप्प होत्या. कुणीतरी 'सोड' म्हणावं, 'हळू' म्हणावं असं विनिताला फार वाटलं. कुणी म्हटलं नाही. शेवटी तिने क्लच सोडला आणि दोन्ही पाय सीटकडे ओढून घेतले, हातानेच जणू. जीप वाकली. पाणी समोर आलं. पायाने उसळी घेतली, तिने तो दाबून धरला. आणि मग तिला ते जाणवलं. गाडी पडत नव्हती. मागून कुणीतरी पदर धरून ठेवावा तशी ती रोखलेली होती आणि घुरघुरत, एकेक पाऊल टाकत खाली उतरत होती. पाण्यात चाकं गेली, दगडांवरून डुलली आणि पलीकडच्या चढावर चढली. विनिताने जीप थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"आता मला पुन्हा जायचंय," चित्राताई म्हणाल्या. "एकटीने."

सर्वेशने जीप अलीकडे नेऊन दिली. विनिता आणि क्षिप्रा पलीकडच्या काठावर उभ्या राहिल्या. समोर जीप आली, काठावर थांबली.

आणि विनिताला एक गोष्ट दिसली, जी तिने इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. शिकणाऱ्या बाईचा चेहरा. ती नेहमी शेजारी असायची. तिला कान दिसायचा, गाल दिसायचा, गिअरवरचा हात दिसायचा. समोरून, काचेतून, तिने आपली एकही विद्यार्थिनी गाडी चालवताना पाहिली नव्हती. चित्राताईंच्या कपाळावर आठी होती, ओठ घट्ट मिटलेले होते. त्या डावीकडे बघत नव्हत्या. तिथे कुणी नव्हतंच. त्यांचा चेहरा एखादं अवघड काम मन लावून करणाऱ्या माणसाचा होता. भीती होती त्यात, पण ती त्यांची त्यांनी सांभाळलेली होती. विनिताच्या ओठांवर शब्द आले आणि तिने तोंडावर हात धरला. क्षिप्राला वाटलं, मॅडमना रडू येतंय.

जीप वाकली, उतरली, पाण्यातून आली, चढली.

परत येताना गावात मीराबाई नावाच्या एका म्हातारीच्या अंगणात सगळे चहाला थांबले. सर्वेशचं ते नेहमीचं ठिकाण. मीराबाईंनी विनिताच्या गालावरचा ओरखडा बघितला, आत जाऊन हळद आणली आणि न विचारता लावली. "बस गो बाय," म्हणाल्या, "चाय घे. गाड्या काय, येतील आन् जातील." चित्राताई पेंढ्यावर बसून चहा पीत होत्या आणि कधी नव्हे त्या खूप बोलत होत्या. विनिता गप्प होती.

"तू रागावलीस का?" चित्राताईंनी विचारलं.

"कुणावर?"

"सर्वेशवर. माझ्यावर."

"नाही हो," विनिता म्हणाली. "मी मोजत होते, माझ्यामुळे किती जणींची लायसन्सं कपाटात पडलीयत." मग तिने ते मोजणं सोडून दिलं, कारण आकडा लागेना.

सोमवारी ती कामावर गेली. पहिली विद्यार्थिनी कृतिका, पलावाकडे राहणारी, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. तिची टेस्ट आठवड्यावर आलेली. एमआयडीसीतल्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर विनिताने गाडी थांबवायला सांगितली. चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली.

"मॅडम?" कृतिका म्हणाली.

"चालव."

"पण ब्रेक?"

"तुझ्या पायाखाली आहे ना? मग चालव."

कृतिका चालवायला लागली. विनिताला बोलायचं नव्हतं, म्हणून तिने बडीशेप तोंडात टाकली. वळणं आली, गेली. एका कंपनीच्या गेटाशी उभ्या टेम्पोच्या शेजारून जाताना कृतिकाने अंदाज चुकवला आणि डावीकडचा आरसा टेम्पोला घासून दुमडला. आवाज झाला. दोघी उतरल्या. आरशाच्या पाठीवर बोटभर लांब ओरखडा होता.

सहदेवशेठना तो संध्याकाळी दिसला. ते चांगले माणूस आहेत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "विनिता, गाडी म्हणजे काय देवघर आहे, मांडी घालून बसायला? काही झालं असतं तर? जबाबदारी कोणाची? माझी आणि तुझी!"

"तुमचं बरोबर आहे, शेठ."

"मग असं का केलंस?"

तिने त्यांना खडवलीचं सगळं सांगितलं. त्यांना ते अर्धंच पटलं. "जंगलातलं वेगळं, रस्त्यावरचं वेगळं," ते म्हणाले. आणि हेही खरंच होतं. कारण त्याच आठवड्यात रामनगरच्या एका गल्लीत दुसरी एक बाई चालवत असताना दोन रिक्षांच्या मधून एक मुलगा चेंडूमागे धावत आला. त्या बाईने ब्रेकऐवजी नुसतं स्टिअरिंग घट्ट धरलं. विनिताचे पाय त्या वेळी खालीच होते. गाडी जागच्या जागी थांबली, मुलगा चेंडू उचलून पळाला. विनिता त्या रात्री उशिरापर्यंत जागी होती. कुठला पाय बरोबर, वर घेतलेला की खाली ठेवलेला? दोन्ही बरोबर, असं तिने ठरवलं, पण कुठे कुठला हे मात्र दर वेळी नव्याने ठरवावं लागणार होतं. ते तिला आधी करावं लागत नव्हतं. आधी पायच ठरवायचा.

शेवटी तिचा आणि शेठचा एक समझोता झाला. गर्दीत पाय खाली. शेवटच्या काही दिवसांत, रिकाम्या रस्त्यावर, मांडी. आणि बोलणं दोन्हीकडे कमी. ही शेवटची अट शेठनी नाही घातली, तिची तिनेच घातली, आणि तीच तिला सगळ्यात जड गेली. वीस वर्षं जीभ पायाबरोबर चालत होती. आता ती नुसती बसून राहायची आणि समोरची बाई चुकायची, थांबायची, स्वतःशी काहीतरी पुटपुटायची आणि पुन्हा निघायची. काही जणींना हे आवडलं नाही. एकीने शेठकडे तक्रार केली की मॅडम काही शिकवतच नाहीत, नुसत्या बडीशेप खातात.

महिन्यातून एका रविवारी ती आता लायसन्स कपाटात ठेवलेल्या तीन-चार जणींना घेऊन खडवलीला जाते. सर्वेशकडे एक जुनी जीप आहे, ती तो देतो. मी एकदा गेले. मला ओहोळ जमला नाही, खरं सांगते. मी काठावरूनच परत फिरले. विनिता पलीकडून काही बोलली नाही, 'ये' म्हणाली नाही, 'घाबरू नकोस'ही म्हणाली नाही. माळावर मात्र मी एकटीने बरीच फिरले आणि एका सागाखाली गाडी उभी करून उगाच बसून राहिले. आजूबाजूला कुणी नाही, गाडी आपल्या हातात. बऱ्याच वर्षांत इतकी शांत बसले नव्हते. स्वतः विनिताला तिथलं फारसं आवडत नाही. दुसऱ्या दिवशी तिची पाठ धरते. ती काठावर उभी राहण्यासाठी जाते.

चित्राताई टेस्टपुरत्या आलेल्या नव्हत्याच, त्यामुळे त्यांचे दिवस भरल्यावर त्या यायच्या थांबल्या. जाताना म्हणाल्या, "यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठाण्याला न्यायचंय. मी नेईन. नेलं की तुला कळवते." विनिता फोनची वाट बघत राहिली. आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. फोन आला नाही म्हणजे जमलं नसणार. तिला वाटलं आपणच करावा, विचारावं, पाहिजे तर शेजारी बसून यावं एकदा. नंबर काढून ती दोनदा थांबली. सुदेशला तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, मग कर ना फोन." तिने केला नाही.

मग एका संध्याकाळी फडके रोडला भाजी घेताना त्र्यंबकराव दिसले. काळा चष्मा, हातात पिशवी. विनिताने समोर जाऊन नाव सांगितलं तेव्हा त्यांनी ओळखलं.

"अहो, तुम्हीच ना त्या! काय शिकवलंत हिला! गाडीत मला एक शब्द बोलू देत नाही. परवा तीनहात नाक्याला मी नुसतं म्हटलं, सिग्नल लाल आहे बहुतेक. तर म्हणते, मला दिसतोय. मी आपला गप्प. चार वेळा जाऊन आलो आतापर्यंत."

"चार वेळा?"

"ठाण्याला चार. पाचव्यांदा कळव्याला मेहुण्याकडे."

तेवढ्यात चित्राताई कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. विनिताला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, तुला कळवायचं होतं मी! पहिल्याच दिवशी कळवणार होते. मग पार्किंगच मिळेना, मग यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, मग घरी येऊन स्वयंपाक. नंतर सांगायचं राहूनच गेलं बघ. रागावू नकोस हं."

"छे हो," विनिता म्हणाली.

त्या आणखी काही मिनिटं बोलल्या. तिला आग्रहाने घरी यायला सांगितलं. मग चित्राताईंनी त्र्यंबकरावांचा दंड धरला आणि दोघे गर्दीतून गाडी उभी केली होती त्या बाजूला गेले. चित्राताईंच्या हातात किल्ली होती, बोटाला अडकवलेली.

विनिता तिथेच जरा वेळ उभी राहिली. तिला थोडं लागलं होतं, ते ती लपवत नाही. इतक्या जवळून शिकवलेली बाई आपल्याला सांगायची विसरून जाते. पण मेथीची जुडी निवडता निवडता तिला वाटलं, माणूस काय काय सांगायचं विसरतो? सकाळी चहा घेतला, कुलूप लावलं, जिना उतरलो, हे कोण कुणाला कळवतं? चित्राताईंचं गाडी चालवणं आता त्यात जाऊन बसलं होतं.

भाजीवाल्याने विचारलं, "ताई, एक देऊ की दोन?"

"दोन द्या," ती म्हणाली.